नाही म्हणायची मोकळीक

मार्थाअक्का कुणाच्याही उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "एक विचारू का? न्हाई म्हनलात तरी चालतंय."

काय विचारणार आहेत हे कळायच्या आतच समोरच्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक मिळालेली असे. त्यामुळे गोंधळून का होईना, बहुतेक लोक म्हणत, "विचारा की." मग अक्का छत्री भिंतीला टेकवत, चपला बाहेर काढत आणि म्हणत, "तुमच्यासाठी प्रभूजवळ काही मागू का?" उत्तर 'हाव' म्हणजे हो असं आलं, तर त्या डोळे मिटत. न्हाई आलं तर "बरं" म्हणत, आणि पाऊसपाण्याचं, लेकीबाळींचं बोलून निघत. त्यांच्या 'बरं'मध्ये रुसवा नसे. ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईंना हवं होतं तेच उत्तर मिळालं.

मी मूळची नांदेडची, ख्रिस्ती घराण्यातल्या तिसऱ्या पिढीची. आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, नोकरीची शेवटची वर्षं उदगीरच्या कनिष्ठ महाविद्यालयात काढली आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. भरल्या वर्गापुढे उभं राहताना मला कधी भीती वाटली नाही. तिथे माझ्या पाठीशी आवर्तसारणी टांगलेली असे. माझ्या श्रद्धेविषयी मात्र मी शेजारणीशीही कधी चकार शब्द बोलले नव्हते. बोललं तर लोकांना आवडणार नाही, आणि न बोलावं तर आपल्यालाच अपराधी वाटतं, अशा कात्रीत मी पन्नाशी ओलांडली होती. लिहिण्याचंही तसंच. हा मजकूर लिहायला मला एवढा उशीर झाला आहे, आणि तोही मी भीतभीतच लिहिते आहे.

मार्थाअक्का देगलूरच्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त होऊन उदगीरला आल्या होत्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दखनी आणि सासरी कन्नड असा त्यांचा प्रवास झालेला, त्यामुळे चारही भाषा त्यांच्या तोंडी एकाच घरच्या भावंडांसारख्या नांदत. अंगावर गर्द रंगाचं इरकल लुगडं, कपाळ मोकळं, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत गुळाचे खडे नि शेंगदाणे. चालून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यायचं ही आपल्याकडची रीत. पण पाहुण्याने स्वतःचा गूळ घेऊन यजमानाच्या दारात जावं, ही रीत मी फक्त त्यांच्याकडे पाहिली. "गरिबाच्या घरी गेलं तर त्याला धावाधाव नको," असं त्या म्हणत.

एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला गाठलं. "टीचर, तुमची स्कूटर हाय म्हनं. माझे गुडघे काम करंना गेलेत. आठवड्यातून एक दिवस मला गावोगाव न्याल का? न्हाई म्हनलात तरी चालतंय."

मी घाईने सांगितलं, की मला लोकांशी असलं बोलता येत नाही.

"बोलणारे लई हायत आपल्याकडं," त्या म्हणाल्या. "गप बसून ऐकणारं मानूसच घावंना."

अशी मी त्यांची सारथी झाले.

पहिल्याच फेरीत आम्ही जळकोटला एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा मुलगा आखातात कामाला गेला होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. चाचा यंत्रावर पायजम्याची शिवण घालत होते. अक्का पायरीवर बसल्या.

"चाचा, एक बात पूछूँ? नक्को बोले तो भी चलता."

"पूछ ना."

"तुम्हारे बेटे के वास्ते दुआ करूँ? मैं ईसा के नाम से करती."

"ईसा कू तो हम बी मानते," चाचा म्हणाले. "नबी हैं हमारे."

"मालूम है. मैं नबी से आगे का मानती, चाचा. दुआ वैसाच करूँगी. तुमकू अंधेरे में रख के नक्को."

चाचांचा पाय थांबला. यंत्राची घरघर बंद पडल्यावर गल्ली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. मी मनात म्हटलं, संपलं. आता उठावं लागणार. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अक्कांकडे नीट पाहिलं. "तू तेरे जैसा कर," ते म्हणाले. "मैं मेरे जैसा सुनता."

प्रार्थना संपली तेव्हा सर्वांत मोठ्याने 'आमीन' म्हणाले ते चाचाच. आमच्याकडे पाहून त्यांनी वर खुलासाही केला, "दुआ हुई ना! आमीन तो बोलनाच पड़ता."

परतताना मी म्हटलं, "अक्का, ते नबीच्या पुढचं नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

"चाललं असतं की," स्कूटरवर मागून त्या म्हणाल्या. "पर मग त्यानं हाव कशाला म्हनलं असतं? जे त्याला ठावंच न्हाई, त्याला?"

असं गावोगाव चाले. देवणीच्या बाजूला एका गोठ्यात अडलेल्या गायीसाठी त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा गायीच्या मालकाने आधी आपल्या देवाला नारळ फोडला आणि मग अक्कांना म्हणाला, "आता तुमचं चालू द्या." अक्कांनी निमूटपणे त्याचा नारळ होईपर्यंत वाट पाहिली होती. काही दारांवर अपमानही होत. "पुन्हा इकडं येऊ नका," असं कुणी म्हटलं, की त्या घरावरून जाताना त्या आवाज न करता चालत, जणू आत कुणी झोपलं आहे. मी मात्र त्या नकाराने दोन दिवस आतून पोळत असे. त्यांना ते कळलं असावं. "टीचर, दार त्यांचं हाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

पण ज्या दाराने अक्कांना सर्वांत जास्त वेळा 'न्हाई' ऐकवलं, ते दार गल्लीतच, त्यांच्या घरासमोर होतं. ते शिवकांताबाईंच्या किराणा दुकानाचं.

शिवकांताबाई लिंगायत. घरात बोली कन्नड, जीभ तिखट. नवऱ्यामागे त्यांनी दुकानही सांभाळलं आणि महेश नावाचा मुलगाही वाढवला. गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आणि सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. त्या आणि अक्का एका वयाच्या, एकमेकींना अगंतुगं करणाऱ्या. दर सोमवारी अक्का दुकानाच्या पायरीशी गेल्या, की नाटकाचा तोच प्रवेश रंगे.

"आली बघा येशूची वकील!"

"वकिलाला फी कोन देतंय हितं? एक विचारू का शिवक्का? न्हाई म्हनलीस तरी चालतंय."

"विचार. मी काय म्हननार ते तुला ठावं हाय."

"तुझ्यासाठी मागू का प्रभूजवळ?"

"न्हाई."

"बरं. हरभऱ्याची डाळ कशी दिली?"

गिऱ्हाइकं हसत. दोघी हसत नसत. दोघींच्याही दृष्टीने तो गंभीर व्यवहार होता.

नाताळात या दोघींचं एक वेगळंच चाले. शिवकांताबाई दुसऱ्यांच्या घरचं शिजलेलं खात नसत, त्यातून आमच्या घरांत सामिष शिजतं. गल्लीत इतर घरी अक्का फराळाची ताटं पाठवीत; शिवकांताबाईंकडे मात्र शिधा जाई. रवा, गूळ, सुकं खोबरं, वेलदोडे, सगळं कोरडं आणि वेगवेगळ्या द्रोणांत. शिवकांताबाई तो शिधा आपल्या चुलीवर चढवीत, करंज्या करीत आणि त्यातल्या अर्ध्या अक्कांकडे परत पाठवीत. अक्कांच्या घरी नाताळचा पहिला घास म्हणून ती करंजी मोडली जाई. आमच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा म्हणाले, "अक्का, तुमच्या करंजीची पारी छान झाली." अक्का म्हणाल्या, "माझी न्हाई. समोरच्या लिंगायतीनबाईची हाय. नाताळ आमचा, हात तिचा."

आमच्या मंडळीचे एक पंच होते, सामुएलराव. मनाने वाईट नव्हते. कुणाच्या घरी मयत झाली तर खड्डा खणण्यापासून सगळ्याला तेच पुढे असत. पण कामाचं फळ डोळ्यांना दिसावं, अशी त्यांची अपेक्षा असे. "अक्का, इतकी वर्षं त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवून राहिल्या तुम्ही," ते एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. "ते घर प्रभूकडं आलं का?"

"ते आलं न्हाई अजून," अक्का म्हणाल्या. "पर प्रभू तिकडं गेलाय. दर सोमवारी दुकानात असतोय. मी बघून येते."

सामुएलरावांना हे उत्तर पटलं नाही. खरं सांगायचं, तर मलाही त्या दिवशी ते नुसतं हजरजबाबीपणाचं वाटलं होतं.

मग एक दिवस महेशचा लातूरच्या दवाखान्यातून फोन आला. शिवकांताबाईंच्या पित्ताशयात खडे होऊन दुखणं विकोपाला गेलं होतं, शस्त्रक्रिया तातडीने करायची होती, आणि त्या तयार नव्हत्या. "अक्का, तुमी या," महेश रडवेला झाला होता. "आई कुनाचंच ऐकंना."

आम्ही मिळेल त्या गाडीने लातूर गाठलं. खोलीत शिवकांताबाई हिरव्या झग्यात, दोन्ही हातांनी छातीवरची चांदीची डबी धरून बसल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी अंगावर काही ठेवता येत नाही, असं परिचारिकेने सांगितलं होतं. तिचंही चुकलं नव्हतं. पण शिवकांताबाईंच्या लेखी लिंग ही काही काढून ताटलीत ठेवायची वस्तू नव्हती.

"लिंग अंगावेगळं झालं की मी मेलेच," त्या धापा टाकत म्हणत होत्या. "मग कापा कुनाला कापायचं ते."

अक्कांनी त्यांची समजूत घातली नाही. त्या सरळ शल्यविशारदांच्या खोलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि ते बाहेर येताच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? न्हाई म्हनलात तरी चालतंय." डबी बाजूला ठेवून लिंग निर्जंतुक पट्टीत गुंडाळलं आणि रक्तदाबाचा पट्टा नसलेल्या दंडाला बांधलं, तर चालेल का? डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "धातू नको, आणि पोटापासून लांब असेल, तर माझी हरकत नाही," ते म्हणाले.

आता मला वाटलं, अक्का पट्टी बांधतील. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी पट्टीची घडी शिवकांताबाईंच्या मांडीवर ठेवली. "मी हात लावनार न्हाई शिवक्का. तुझं हाय, तू बांध. मी नुसतं टोक धरते."

शिवकांताबाईंनी डबी उघडली. महेश आणि मी तोंड फिरवून उभे राहिलो. अक्काही खिडकीकडे पाहत होत्या. पट्टीचं एक टोक तेवढं त्यांच्या चिमटीत होतं आणि दुसरीकडून पट्टी हळूहळू आखडत चालली होती. बांधून झालं. शिवकांताबाईंनी कागदावर सही केली आणि आडव्या झाल्या.

ढकलगाडी आली. महेश अक्कांचा हात धरून म्हणाला, "अक्का, आता प्रार्थना करा की." शिवकांताबाई अक्कांच्या तोंडाकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांचा तो प्रश्न आत्ता येणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं उत्तर काय मिळणार, हेही.

अक्कांनी त्यांच्या कपाळावरची बट मागे सारली. "बरी होऊन ये," त्या म्हणाल्या. "डाळीच्या भावावरून भांडायचं हाय मला." आणि गाडी आत गेली.

बाहेरच्या बाकावर मी न राहवून विचारलं, "अक्का, आज का नाही विचारलंत?"

"आज तिला न्हाई म्हनता आलं नसतं, टीचर."

त्यांचे ओठ हलत होते. "मनातल्या मनात करताय ना?" मी विचारलं. "ते माझं आन् प्रभूचं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. उदगीरला परतल्यावर ही हकिगत मंडळीत पसरली आणि दोन्ही बाजूंनी टीका झाली. कुणी म्हणालं, लिंगाच्या कामात ख्रिस्ती बाईने पडायलाच नको होतं. सामुएलराव म्हणाले, "पडलात ते ठीक. पर दार उघडं असताना माघारी आलात? असली संधी पुन्हा येते काय?" अक्कांनी ऐकून घेतलं. मला मात्र त्या दिवशी, उशिरा का होईना, 'प्रभू तिकडं गेलाय' हे त्यांचं आधीचं उत्तर समजू लागलं होतं.

पुढे घडलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. अक्कांनी विचारणंच सोडून दिलं. दर सोमवारी त्या दुकानात जात, डाळ घेत, भाव पाडून मागत. पण तो प्रश्न काही ओठांवर येईना. पहिल्या सोमवारी शिवकांताबाईंनी नुसती डाळ मोजून दिली. मग त्या अस्वस्थ झाल्या. मग चिडल्या. एकदा मी साबण घ्यायला गेले तर मलाच म्हणाल्या, "ती बाई मला आता विचारत पन न्हाई! माझ्या अंगाला काय काटे आले का?"

मी तसं अक्कांना सांगितलं. त्या विळीवर भाजी चिरत होत्या. "माझ्या उपकाराचं वझं हाय तिच्यावर," त्या म्हणाल्या. "वझ्याखालच्या मानसाला देवाचं विचारू नये. ते हाव म्हनंल, पर ते वझंच बोलंल."

"पण मग कधीच नाही विचारणार?"

त्यांचा हात थांबला. "न्हाई विचारता आलं तर न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच दुःख ऐकलं. इतकी वर्षं नकार झेलताना ते कधी आलं नव्हतं. आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीसाठी तिच्यासमोर बसून, तिच्या संमतीने एकदा प्रार्थना करावी, ही त्यांची फार जुनी इच्छा होती. आणि तिचा जीव वाचवायला हातभार लावून त्या ती इच्छा स्वतःच्या हाताने हरवून बसल्या होत्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्का मोरीत घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळलेल्या अक्कांचा सगळा ताबा समोरच्या दुकानाने घेतला. सकाळी भाकरी, वरण, दुपारी ताक, संध्याकाळी पुन्हा गरम काहीतरी. शिवकांताबाई स्वतः ताट घेऊन येत, उशाशी बसत, अक्कांची वेणी घालत आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवत. "खा ग. माझ्या हातचं खाऊन तुझा येशू काही रुसत न्हाई. नाताळात खातोच की."

अक्का उठल्या, पण काठीशिवाय चालणं उरलं नाही. नांदेडला त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका होती; तिने आता एकटं राहू द्यायला नकार दिला. सामान आधी गेलं. नांदेडला गेल्यावर वर्षभराच्या आत अक्का वारल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते उदगीरच्या बसस्थानकावर.

मुलगी न्यायला आली होती. मंडळीतली बरीच माणसं निरोप देऊन गेली. सामुएलरावांनी स्वतः पिशव्या वर चढवल्या. अक्कांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभी होते. तेवढ्यात शिवकांताबाई आल्या, हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. दुकान ऐन गर्दीच्या वेळी बंद करून आल्या होत्या. त्यांनी दशम्या खिडकीतून आत दिल्या आणि गज धरून उभ्या राहिल्या.

"न विचारताच चाललीस व्हय ग?"

अक्का दशम्यांच्या फडक्याची गाठ चाचपत राहिल्या.

"मला काय कळत न्हाई का तू का विचारंनास ते?" शिवकांताबाईंचा आवाज चढला. "लातूरला तू माझं केलंस. आन् हिवाळाभर तुला उठवली-बसवली, जेवू घातली कोनी? वेणी कोनी घातली? आता तूच माझ्या उपकारात हायस, मार्था. आता मी न्हाई म्हनायला मोकळी हाय. विचार."

वाहकाने दार लावायला हात घातला होता, तो तसाच थांबला. अक्कांनी खिडकीच्या गजावर ठेवलेल्या त्या हातावर आपला हात ठेवला.

"एक विचारू का शिवक्का?" त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनलीस तरी चालतंय."

"विचार."

"तुझ्यासाठी मागू का प्रभूजवळ?"

शिवकांताबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. ती मोकळीक त्यांनी पुरेपूर वापरली. मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मोकळा हात छातीवरच्या डबीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हाव. कर."

अक्कांनी प्रार्थना कन्नडमध्ये केली, शिवकांताबाईंच्या घरच्या बोलीत. मला कन्नड येत नाही. त्या प्रार्थनेतली दोनच नावं मला कळली, येशू आणि शिवकांता. आणि ती पुन्हा पुन्हा एकमेकांशेजारी येत होती. संपल्यावर अक्का 'आमेन' म्हणाल्या. शिवकांताबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "लई लांबवलीस. गाडी खोळंबली की."

गाडी सुटली. वळणापर्यंत खिडकीतून अक्कांचा हात दिसत होता. त्या हात हलवत नव्हत्या, नुसता बाहेर धरून होत्या, मघाशी गजावर होता तसा. मग नांदेडच्या रस्त्याची धूळ तेवढी राहिली.

आम्ही दोघी चालत परत निघालो. गल्लीच्या तोंडाशी शिवकांताबाई थांबल्या. "आता सोमवारी मला कोन विचारनार?" त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळू नये अशा बेताने.

आयुष्यात ते ठरलेलं वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. अक्का म्हणत तेव्हा ते किती सोपं वाटे.

"शिवकांताबाई," मी म्हटलं, "एक विचारू का? नाही म्हणालात तरी चालेल. तुमच्यासाठी मी प्रार्थना केली तर?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग कमरेच्या किल्ल्या काढून दुकानाचं कुलूप उघडलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पर सोमवारी ये."

"बरं," मी म्हटलं.